नेम जबड्यावर

पहाटे ५.३०

मुलं यायच्या आधी धनुष्यांची खोली उघडायची. बांबूची धनुष्यं रात्री दोरी उतरवून खुंट्यांवर आडवी ठेवलेली असतात. दोरी चढलेली राहिली तर बांबू त्या वाकाला सरावतो आणि धनुष्याचा जोर हळूहळू उतरतो. एकेकाला दोरी चढवायची आणि मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर टी-पट्टीनं मोजायचं. याला ब्रेस हाइट म्हणतात. ती प्रत्येक धनुष्याची वेगळी असते, पण एका धनुष्याची कालची आणि आजची एकच हवी. कमी भरली तर दोरी काढून चार पीळ जास्त द्यायचे, जास्त भरली तर थोडे उलगडायचे. वहीत आकडा लिहायचा, पुढचं धनुष्य घ्यायचं.

आमचं केंद्र सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. इथली मुलं ‘इंडियन राउंड’पासून सुरुवात करतात. बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटर अंतर, आणि नेम धरायला धनुष्यावर काहीही नाही. साइट नाही, भिंग नाही, पुढे काढलेले वजनाचे दांडे नाहीत. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि रिकर्व्ह किंवा कंपाउंड या आधुनिक धनुष्यांच्या मानानं हे धनुष्य फार स्वस्त पडत असल्यामुळे खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ मुलांची तिरंदाजीशी पहिली ओळख याच धनुष्यानं होते. संध्याकाळी मोठी माणसं येतात. त्यांच्याकडे ‘बेअरबो’ असतो: मधली मूठ धातूची, पाती आधुनिक, पण साइट तिथेही नाही. दोन्ही तुकड्यांना मी दिवसभर बहुतेक एकच गोष्ट शिकवते. दोरी ओढून हात चेहऱ्यावर कुठे टेकवायचा, आणि दर वेळी तिथेच कसा टेकवायचा.

सकाळी ६.००

धाकट्या तुकडीचं बट्रेस, म्हणजे बाण रुतवून घेणारा ठोकळा, तीन मीटरवर लावलेलं असतं आणि त्यावर कागद नसतो. मुलं रेषेवर उभी राहतात, धनुष्य उचलतात, ओढतात, डोळे मिटतात आणि सोडतात. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या नव्या पालकांना हे पटत नाही. कागद नाही, मग पोर मारतंय कशावर? खरं तर ते कशावरही मारत नसतं. समोर गोल दिसला की पोराचं सगळं चित्त तिकडे पळतं आणि हात कुठे राहिला हे त्याला कळतही नाही. गोल काढून टाकला, डोळे मिटले, की लक्ष द्यायला उरतो फक्त स्वतःचा चेहरा.

अँकर, म्हणजे हात टेकवायची ती जागा, शिकवताना मी दोन-तीन स्पर्श मोजून घेते. तर्जनीचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, आतून सुळा लागेल असं. अंगठा मिटून जबड्याच्या हाडाखाली. दोरी नाकाच्या शेंड्याला. एका स्पर्शावर भरवसा ठेवत नाही, कारण गाल मऊ असतो आणि तो कुठेही सरकतो. दात आणि हाड मात्र सरकत नाहीत. आणि दाढा मिटलेल्या हव्यात. तोंड अर्धवट उघडं राहिलं की खालचा जबडा खाली येतो, त्याच्याबरोबर हात खाली येतो आणि बाण वर जातो. त्यामुळे माझ्या तुकडीत रेषेवर गोळी, चिंच, च्युइंगम, काही चालत नाही. बोलायचं असेल तर धनुष्य खाली.

आज चौथीतल्या एका मुलीचे बाण एकसारखे वर चढताहेत. उभं राहणं ठीक, ओढही पूर्ण. जवळ जाऊन पाहिलं तर तर्जनी ओठाच्या कोपऱ्यात घट्ट रुतलेली.

“दात कुठे गेला गं?”

“काल पडला, मॅडम. आजीनं छपरावर टाकला.”

वरचा उजवा सुळा. मुलांचे सुळे साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात, म्हणजे नेमके ज्या वयात ती माझ्याकडे येतात तेव्हा. बोट टेकायची जागाच नाहीशी झाल्यावर ते आत घुसणार आणि हात हलणार. तिचा अँकर आज हनुवटीखाली नेला. तर्जनीची कड जबड्याच्या हाडाला खालून चिकटलेली, दोरी हनुवटीच्या मधोमध आणि नाकाला. ते हाड तरी पडत नाही. तिला ते अवघड वाटतंय, मान थोडी ताठ होते आहे. पुढचा आठवडा ती तीन मीटरवरच राहील.

सकाळी ७.१५

मोठी मुलं ३० मीटरवर. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की बाण काढायला जायचं, आणि पाच किंवा जास्त ऐकू आल्या तर जिथे असाल तिथे थांबायचं. हे जगभर सारखंच आहे आणि इथे त्याबाबत गंमत नाही.

साइट नसताना नेम धरतात तो बाणाच्या टोकावरून. बंदुकीला पुढे माशी असते आणि मागे खाच; दोन्ही एका रेषेत आल्याशिवाय गोळी नेमकी जात नाही. इथे पुढची माशी म्हणजे बाणाचं टोक. मागची खाच धनुष्यावर कुठेच नाही. ती चेहऱ्यावर असते: डोळा आणि बाणाच्या मागच्या नॉकमधलं उभं अंतर. तोंडाच्या कोपऱ्यात हात असताना ते सात-आठ सेंटीमीटर भरतं. हे अंतर स्थिर असेल तर टोक कुठे धरायचं हे शिकता येतं. ते बदलत असेल तर टोक कितीही काटेकोर धरून उपयोग नाही.

हे मुलांना मी फळ्यावर एकदाच गणितानं दाखवते, मग विसरत नाहीत. बाण ७० सेंटीमीटरचा धरा. टोक तिथेच ठेवलं आणि नॉक अँकरवर फक्त ३ मिलिमीटर खाली सरकलं, तर १८ मीटरवर बाण जवळजवळ ८ सेंटीमीटर वर लागतो, ३० मीटरवर १३ आणि ५० मीटरवर २१. आम्ही सरावाला लावतो त्या ८० सेंटीमीटरच्या कागदी फेसवर एकेका रिंगची रुंदी ४ सेंटीमीटर असते. म्हणजे ३० मीटरवर तीन रिंगा गेल्या, आणि गेल्या कशामुळे, तर तीन मिलिमीटरमुळे. दात किंचित उघडले तरी तेवढं होतं.

बाण काढायला जाताना मी मुलांना आधी बट्रेस वाचायला लावते, बेरीज मागाहून. बाण उभ्या पट्ट्यात विखुरले असतील तर बहुतेक दोष मागचा: अँकर वर-खाली झाला किंवा ओढ कमी-जास्त झाली. आडव्या पट्ट्यात विखुरले असतील तर दोरीची सावली पाहायची. पूर्ण ओढल्यावर डोळ्याजवळची दोरी धूसर दिसते. ती धूसर रेघ मुठीच्या ज्या कडेला लावायची ठरली असेल, दर वेळी त्याच कडेला लागली पाहिजे. डोकं जरासं कलंडलं की ती सरकते आणि बाण डावी-उजवी गाठतो. सावली जागेवर असूनही आडवे विखुरले तर मग बोटं पाहायची: दोरी सुटताना हात मागे जातो की बाहेर फेकला जातो. आणि एका जागी घट्ट पुंजका पडला, पण तो पिवळ्यात नाही, खाली निळ्यात आहे, तर त्या पोराला शाबासकी द्यायची. त्याचं मागचं टोक पक्कं झालंय. पुढचं टोक कुठे धरायचं एवढंच सांगायचं राहिलं.

“मॅडम, मग मी टोक कुठं धरू?”

“पिवळ्याच्या वरच्या कडेला धर. तिथून जराही वर नेऊ नकोस, सहा बाण तिथेच.”

सकाळी ९.००

मुलं शाळेला पळाली. पालकांचा तास सुरू.

एक वडील मुलाला बजावत होते, “अर्जुनासारखं फक्त पोपटाचा डोळा बघायचा, बाकी काही बघायचं नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याला विरोध करत नाही. त्या परीक्षेला अर्जुन उभा राहिला तोवर त्याचे हात तयार झालेले होते, हे मात्र सांगते. माझ्यासमोरचं पोर अजून हात तयार करतंय. त्याला डोळाच बघायला लावला तर तो डोळा बघेल आणि हात भलतीकडे ठेवेल.

दुसरा प्रश्न आदितीचा. २०२३ मध्ये बर्लिनला सातारा जिल्ह्यातली आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. तेव्हापासून इथल्या दर तिसऱ्या आईबापाला कंपाउंड हवंय. त्याआधी फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हा रिकर्व्ह हवं होतं. यात वावगं काही नाही, पोरं पुढे जावीत असं मलाही वाटतं. पण कंपाउंडच्या दोरीत एक बारीक छिद्र बसवलेलं असतं. त्यातून बघायचं आणि पुढच्या भिंगातला ठिपका गोलावर ठेवायचा. मागची खाच तिथे विकत मिळते. रिकर्व्हला पुढे साइट आहे, मागे पुन्हा हनुवटीच. आणि बांबूला पुढेही काही नाही. त्यामुळे बांबूवर ज्याचा अँकर बसला, त्याला नंतर कुठलंही धनुष्य द्या, तो हरवत नाही. हे मी समजावते, पालक मान डोलावतात आणि दोन मिनिटांनी विचारतात, “मग कंपाउंड कधी?”

सकाळी ११.००

दुरुस्तीचं काम. पिसं उखडलेल्या बाणांना नवी पिसं चिकटवायची, दोरीच्या मधल्या गुंडाळीचे सुटलेले धागे पुन्हा बांधायचे, नॉक बसतं तिथली गाठ तपासायची. ही गाठ दोन मिलिमीटर घसरली तरी मुलाचं गणित बिघडतं आणि बिचारं पोर स्वतःच्या हाताला दोष देत राहतं.

बाणांची अदलाबदल का करू देत नाही, हेही इथेच टेबलावर दाखवता येतं. नेम टोकावरून धरतो, म्हणजे बाणाची लांबी हा नेमाचाच भाग झाला. दोन सेंटीमीटर लांब बाण घेतला की टोक डोळ्यापासून दूर जातं, डोळ्याची रेघ आणि बाणाची रेघ यांच्यातला कोन लहान होतो आणि तोच नेम धरून बाण आधीपेक्षा खाली लागतो. भावाचे बाण घेऊन आलेल्या पोराला म्हणून मी रेषेवर उभं करत नाही, आधी त्याचे बाण मापून घेते.

दुपारी १.००

जेवण झाल्यावर तासभर सावलीत. हा माझा वाचायचा वेळ.

हात कुठे टेकवायचा हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर बदलत आलं आहे. आपल्या पोथ्यापुराणांतले वीर धनुष्य आकर्ण ओढतात, कानापर्यंत. इंग्लंडमध्येही तेच. रॉजर आस्कमनं १५४५ साली धनुर्विद्येवर इंग्रजीतलं पहिलं पुस्तक लिहिलं, त्यातही दोरी कानापर्यंतच. लढाईत त्याला अर्थ होता. ओढ लांब, त्यामुळे जोर जास्त, आणि समोर एक माणूस नसून फौज उभी. पण कानाशी ओढलेला बाण डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला राहतो. डोळा एका रेघेत पाहतो, बाण दुसऱ्या रेघेत असतो.

हे कोडं सोडवलं होरेस फोर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थानं. १८५६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात त्यानं कानाचा आग्रह मोडीत काढला. नॉक नेम धरणाऱ्या डोळ्याच्या सरळ खाली आणा, मग डावं-उजवं आपोआप मिटतं आणि फक्त वर-खालीचा हिशेब उरतो, हे त्याचं म्हणणं. दुसऱ्याच वर्षी चेल्टनहॅमला दुहेरी यॉर्क राउंडमध्ये त्यानं १२५१ गुण मारले. लाकडी धनुष्य, ६०, ८० आणि १०० यार्ड अंतर. तो आकडा कित्येक दशकं कुणाला ओलांडता आला नाही. आज सहा वाजता मी पोरांना नाकाला दोरी लावायला सांगत होते, तेव्हा फोर्डचंच सांगत होते.

जपानी क्यूदोमध्ये आजही दोरी कानाच्या मागे जाते. बाण गालाला, तोंडाच्या पातळीवर टेकतो. तिथे दोरी अंगठ्यानं ओढतात, त्यासाठी कडक अंगठ्याचा हातमोजा असतो. चेहरा वेगळा, पकड वेगळी, पण बाणाला गालावर एक ठरलेली जागा तिथेही आहेच.

दुपारी ३.००

जवळच्या शाळेत खेळाचा तास. इथे धनुष्य मारायचं नसतं, ओळख करून द्यायची असते. आज आधी डोळा तपासला: दोन्ही हात लांब करून तळव्यांत छोटी फट ठेवायची, त्या फटीतून फळ्यावरचा ठिपका बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ठिपका दिसत राहतो तो नेमाचा डोळा. उजव्या हाताची मुलं, पण नेमाचा डोळा डावा, अशी प्रत्येक वर्गात निघतात. दोरी उजव्या गालाला आणि बघतोय डावा डोळा असं झालं की बाण हमखास बाजूला जातो. अशा मुलांना मी पहिल्याच दिवशी डाव्या हातानं ओढायला लावते. हात शिकतो, डोळा आपला हट्ट सोडत नाही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला: “मॅडम, अंगठा नसला तर मारता येतं का?” एकलव्य कुणीतरी काढणारच. मी हात वर करून दाखवला. आपण दोरी ओढतो ती तर्जनी, मधलं आणि अनामिका या तीन बोटांनी. अंगठ्याला दोरीवर कामच नाही. मंगोल, तुर्क, कोरियन, जपानी लोक अंगठ्यानं ओढतात. त्यांचा अंगठा गेला तर सगळंच गेलं. म्हणजे गुरुदक्षिणेच्या गोष्टीतला अंगठा दोरी ओढणारा असला पाहिजे, नाहीतर तो मागण्यात अर्थ नव्हता. वर्ग गप्प झाला. मग एकानं विचारलं, “मग तो आपल्यासारखं तीन बोटांनी शिकला असता तर?” घंटा झाली, उत्तर राहिलं.

सायंकाळी ५.००

मोठ्यांची तुकडी. बेअरबोचा नियम सोपा आहे: दोरी उतरवलेलं धनुष्य, त्यावर लावलेल्या वजनांसकट, १२.२ सेंटीमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार गेलं पाहिजे. गेलं की दांडे, साइट वगैरे लावायला जागाच उरत नाही. ओढ पूर्ण झाल्याचं टिचकीनं कळवणारा क्लिकर चालत नाही. नेमाला मदत होईल अशी खूण मुठीवर किंवा पात्यावर असली तर पंच ती झाकायला लावतात.

बँकेत नोकरी करणारे एक काका निवृत्तीच्या दोन वर्षं आधी इकडे वळलेत. पोरांना साइट हवी असते, यांना साइटचा कंटाळा आला म्हणून आले. त्यांचा प्रश्न रोजचा: १८ मीटर आणि ५० मीटर एकाच अँकरवर कसं मारायचं?

आधी बाण किती पडतो ते पाहू. सेकंदाला ५० मीटर वेगानं सुटलेला बाण, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी, १८ मीटरवर ६० सेंटीमीटरहून अधिक खाली येतो, ३० मीटरवर पावणेदोन मीटर आणि ५० मीटरवर जवळजवळ ५ मीटर. काकांचा अँकर तोंडाच्या कोपऱ्यात, तिन्ही बोटं नॉकखाली. त्यांच्या धनुष्यावर बाणाचं टोक बरोबर पिवळ्यावर ठेवलं की बाण ५० मीटरला लागतो. हे त्यांचं पॉइंट-ऑन अंतर. त्याच्या आत आलं की टोक पिवळ्यावर ठेवून चालत नाही, बाण वरून निघून जाईल.

मग रस्ते तीन.

पहिला गॅपचा: टोक गोलाच्या खाली धरायचं, किती खाली ते अंतराप्रमाणे पाठ करायचं. यात एक गंमत आहे. लोकांना वाटतं की जवळ जाल तसा गॅप वाढत जातो. तसं होत नाही. तो सगळ्यांत मोठा असतो पॉइंट-ऑनच्या साधारण निम्म्या अंतराला, काकांच्या बाबतीत पंचवीसेक मीटरवर. त्याहून जवळ आलं की पुन्हा कमी होतो. त्यामुळे २० ते ३० मीटरच्या पट्ट्यात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी टोक धरायची जागा फारशी बदलत नाही. जंगलात, अंतर न सांगता लावलेल्या लक्ष्यांवर मारणाऱ्यांना हे फार कामाचं.

दुसरा दोरीवर चालण्याचा, स्ट्रिंग वॉकिंग. टोक नेहमी पिवळ्यावरच; बोटं मात्र नॉकखाली दोरीवर खाली सरकवायची. बोटं खाली गेली की त्याच अँकरला नॉक डोळ्याच्या जवळ येतं आणि बाण खालच्या कोनात सुटतो. ५० मीटरला बोटं नॉकला चिकटून, तर १८ मीटरला चारेक सेंटीमीटर खाली. हे सेंटीमीटर बोटांवर घालायच्या टॅबवरच्या शिलाईच्या टाक्यांवरून मोजतात. अचूकतेत याला तोड नाही, म्हणून जागतिक स्पर्धांतले बहुतेक बेअरबोवाले असंच मारतात. किंमत एवढीच की बोटं खाली गेल्यावर धनुष्याच्या खालच्या अर्ध्यावर ताण जास्त येतो, आवाज वाढतो, आणि धनुष्य एका ठरावीक सरकण्याला जुळवून घ्यावं लागतं. पारंपरिक धनुष्याच्या गटात हे चालत नाही. तिथे तर्जनी नॉकला लागलेली हवी आणि अँकर एकच.

तिसरा चेहऱ्यावर चालण्याचा. लांब मारायचं तर अँकर हनुवटीखाली, जवळ मारायचं तर गालाच्या हाडाशी. इंडियन राउंडची माझी मोठी मुलं ३० आणि ५० साठी हेच करतात. सोपं वाटतं, पण यात दोन वेगवेगळे अँकर पक्के करावे लागतात, म्हणजे कष्ट दुप्पट.

“आणि ते इन्स्टिंक्टिव्ह? नुसतं बघून मारायचं?” काकांनी विचारलं. त्यांनी हॉवर्ड हिलबद्दल वाचलंय. १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटात बाण मारणारा तो. हिल स्वतः मात्र नुसतं बघून मारतो असं म्हणत नसे. नजर लक्ष्यावर ठेवायची आणि कडेच्या नजरेनं टोकही पाहायचं, अशी त्याची पद्धत. टोकाकडे अजिबात न बघता मारणारेही आहेत आणि ते सुंदर मारतात. पण त्यांच्या हाताकडे बघितलं की कळतं: अँकर दगडासारखा. टोक कुठे आहे हे ते जाणीवपूर्वक मोजत नाहीत, एवढंच. हजारो बाणांनी ते मोजमाप अंगात मुरलेलं असतं. मुरायला मात्र मागचं टोक दर वेळी तिथेच असावं लागतं. रोज बदलणाऱ्या गोष्टीतून शरीर काय शिकणार?

काकांनी दोरीवर चालायचं ठरवलं. बँकेतल्या माणसाला टाके मोजणं जमतं.

सायंकाळी ६.३०

बारावीतला एक मुलगा गेले काही आठवडे अँकरला पोचायच्या आधीच बाण सोडतोय. टोक पिवळ्याच्या जवळ आलं की बोटं उघडतात. त्याला थांबवताच येत नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि चांगल्या चांगल्यांना गाठतं. यावर ओरडणं व्यर्थ. त्याला सांगितलं, आज एकही बाण मारायचा नाही. ओढ, हात जबड्यावर टेकव, मनात चार मोज, आणि दोरी हळूच परत आण. पहिल्या काही वेळा बोटं थरथरली. मग बसायला लागली. उद्या सकाळी तो धाकट्यांच्या शेजारी, बिनकागदाच्या बट्रेससमोर उभा राहणार आहे. त्याला त्याची लाज वाटतेय. धाकट्यांना मात्र दादा आपल्यात येणार याचा आनंद झालाय.

सायंकाळी ७.३०

दोऱ्या उतरवल्या, बाण मोजले, गवतात हरवलेले दोन उद्या उजेडात शोधायचे. बट्रेसवर ताडपत्री टाकली. खोलीला कुलूप.

रात्री ९.१५

वहीत उद्याची कामं: ब्रेस हाइट ज्याची दोनदा कमी भरली त्या धनुष्याची दोरी बदलणे. भावाचे बाण आणणाऱ्याला त्याच्या मापाचा संच देणे. काकांचे १८, २५ आणि ३० मीटरचे टाके नोंदवणे. बारावीवाल्याला आठवडाभर तीन मीटर, गुण लिहायचे नाहीत.

मग पालकांचा ग्रुप उघडला. चौथीतल्या मुलीच्या वडिलांचा निरोप: “नमस्कार मॅडम. तिला साइटवालं धनुष्य घ्यायचा विचार आहे, दिवाळीत बोनस येतोय. चालेल का?”

मी लिहिलं: “नमस्कार. बोनस जपून ठेवा. आधी सुळा येऊ द्या.”